केईएममधली एक खाट आणि मरणाचा कायदा

इच्छामरणाचा विषय निघाला की आपल्याकडची गाडी थेट भीष्माच्या शरपंजरी जाते आणि तेथून आळंदीला ज्ञानदेवांच्या समाधीपाशी येऊन थांबते. दोन्ही स्थाने थोर आहेत. पण आम्ही तेथे उतरणार नाही. आमचे शिक्षण गिरणगावातल्या शाळेत सुरू झाले आणि युनियनच्या कचेरीत पुरे झाले. कायद्याची पुस्तके आम्ही वाचली ती वकिलाची फी परवडत नव्हती म्हणून. अशा माणसाने मरणाच्या तत्त्वज्ञानावर बोलू नये; पण एका खाटेचा इतिहास तो सांगू शकतो. आपल्या देशातला मरणाचा कायदा ज्या खाटेभोवती घडला, ती परळच्या केईएम रुग्णालयात होती. तिचे रक्षण कोणी केले, आणि पुढे न्यायालयाने जी कुंपणे घातली ती कोणाला अडवतात व कोणाला अडवत नाहीत, एवढेच आज पाहायचे आहे.

केईएम १९२६ साली सुरू झाले. रुग्णालय पालिकेचे, भोवती गिरण्या आणि चाळी. तेथे उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची अरुणा शानभाग परिचारिका म्हणून काम करीत होती. वय २५. कुत्र्यांवर शस्त्रक्रियेचे प्रयोग होत त्या विभागात तिची नेमणूक होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी संध्याकाळी पाळी संपवून ती कपडे बदलायला तळघरात गेली. तेथे रुग्णालयातल्याच एका सफाई नोकराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला होता. डोळे उघडे होते पण दृष्टी गेली होती, वाचा गेली होती, हातपाय निकामी झाले होते. हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाचा प्रयत्न यांबद्दल, सात वर्षांची. बलात्काराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही.

यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या. इतिहासात या संपाला एका ओळीपेक्षा जास्त जागा कोणी दिलेली नाही, म्हणून आम्ही क्षणभर येथे थांबतो. त्यांच्या मागण्या दोन प्रकारच्या होत्या: अरुणेची नीट व्यवस्था व्हावी, आणि आपल्या स्वतःच्या कामाची परिस्थिती सुधारावी. या दोन मागण्या एकाच कागदावर याव्यात हे काही सभ्य लोकांना त्या काळी विचित्र वाटले असेल. आम्हांला त्यात विचित्र काही दिसत नाही. बाईला कपडे बदलायला सुरक्षित खोली असणे आणि जायबंदी बाईला शेवटपर्यंत सांभाळले जाणे, या दोन्ही गोष्टी मालकाच्याच जबाबदारीच्या आहेत. येथे मालक पालिका होती.

ती चार नंबरच्या वॉर्डाला लागून असलेल्या लहान खोलीत पडून राहिली. एक वर्ष, दोन वर्षे, सात वर्षे. मग ऐंशीच्या दशकात पालिकेने तिला केईएममधून बाहेर हलवण्याचा घाट घातला, एकदा नव्हे दोनदा. कारण साधे होते: खाट अडली आहे. हे कारण खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. केईएममध्ये दोन खाटांमधल्या जमिनीवर रुग्ण झोपलेले ज्याने पाहिले आहेत, त्याला एका खाटेची किंमत कळते. बऱ्या होणाऱ्या माणसाला ती द्यावी, न होणाऱ्याला नको, हा हिशेब कागदावर अगदी बरोबर येतो. केईएमच्या परिचारिकांनी तो मानला नाही. त्यांनी निदर्शने केली आणि पालिकेला दोन्ही वेळा बेत सोडावा लागला.

त्या वेळी देशात वैद्यकीय मंडळ नव्हते, मार्गदर्शक तत्त्वे नव्हती, न्यायालयाचा एक शब्दही या विषयावर नव्हता. ज्याला आज ‘सुरक्षा तरतूद’ म्हणतात ती तेव्हा पांढऱ्या गणवेशात दाराशी उभी होती. अंगात तोंडदेखली दया असती तर ती चार महिन्यांत आटली असती. येथे होते ते पाळीचे वेळापत्रक. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी असा परिचर्येचा नियम आहे. म्हणजे दिवसाला १२ वेळा, वर्षाला ४,३८० वेळा. सदतीस वर्षांचा गुणाकार केला तर आकडा १ लाख ६२ हजारांवर जातो. यंत्रमागाच्या फेऱ्या मोजायची सवय लागलेल्या माणसाला असे आकडे सुचतात, माफ करा. पण पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंद झाली, की एवढ्या वर्षांत तिच्या पाठीला एकही जखम झाली नाही. दिवसपाळीच्या बाईने काम रात्रपाळीच्या बाईच्या हवाली केले आणि तिने ते पुढच्या बाईच्या, तेव्हा हे घडले. एका पिढीच्या परिचारिका निवृत्त झाल्या आणि ज्यांचा जन्मही १९७३ नंतरचा, अशा मुलींनी तिला भरवले.

आता कायद्याकडे वळू. आत्महत्येचा प्रयत्न हा इंग्रजांनी केलेल्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमाप्रमाणे गुन्हा होता. मौज अशी, की कायदा सर्वांना सारखा असला तरी सर्वांच्या घरी सारखा जात नसे. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी पवनारला अन्न आणि औषध नाकारून देह ठेवला. त्याआधी १९६६ साली सावरकरांनी मुंबईत तेच केले होते. पोलीस कोणाच्याही दारात गेले नाहीत, आणि जाऊ नयेच. पण १९८५ साली मुंबई पोलिसांतल्या एका शिपायाने पालिका आयुक्तांच्या कचेरीबाहेर अंगावर रॉकेल ओतले. अपघातात त्याच्या डोक्याला मार बसून मन बिघडले होते, आणि बायकोला भाजीविक्रीचा परवाना मिळावा म्हणून तो खेटे घालत होता. त्याच्यावर मात्र ३०९ चा खटला भरला गेला. तो मुंबई उच्च न्यायालयात आला तेव्हा न्यायमूर्ती पी. बी. सावंत आणि न्यायमूर्ती कोळसे-पाटील यांनी १९८६ साली ते कलमच घटनाबाह्य ठरवले. दोघांचीही नावे कामगार चळवळीला परकी नाहीत. आयुष्याला कंटाळलेल्या माणसाला तुरुंगात घालून आयुष्याची गोडी लागत नाही, हा त्या निकालाचा आमच्या भाषेतला मथितार्थ.

मुंबईतच १९८१ साली मिनू मसानींनी सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली होती. मसानींचे अर्थकारण आमच्या कधी पचनी पडले नाही, पण हा प्रश्न त्यांनी लवकर ओळखला हे मान्य केले पाहिजे. पुढे १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ३०९ रद्द केले आणि १९९६ साली ग्यान कौर खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते पुन्हा जिवंत केले. जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही, असे त्यांनी सांगितले. पण त्याच निकालात एक फट राहिली: ज्याचे मरण सुरूच झाले आहे त्याची यातना न लांबवणे ही वेगळी गोष्ट असू शकते. अरुणेचा खटला याच फटीतून आत शिरला.

पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८ साली अरुणेवर पुस्तक लिहिले आणि २००९ साली तिच्या ‘जिवलग मित्रा’च्या नात्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की तिला अन्न भरवणे बंद करून शांतपणे मरू द्यावे. रुग्णालयाचे म्हणणे याच्या उलट होते: ती अन्न घेते, आवडनिवड दाखवते, आम्ही तिला सांभाळतो आहोत. दोन्ही बाजूंच्या सांगण्यात मेळ बसेना, म्हणून न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये मुंबईतल्या तीन डॉक्टरांची समिती नेमली. डॉ. दिवाटिया टाटा रुग्णालयाचे, डॉ. गुरसहानी हिंदुजाचे, डॉ. नीलेश शहा शीवच्या रुग्णालयाचे. समितीला आढळले की ती मेंदूने मृत नाही, श्वास स्वतःचा घेते, पण भान परत येण्याची आशा जवळपास नाही. २०१० च्या सप्टेंबरपर्यंत ती कुस्करलेले अन्न तोंडाने खात होती. मग ताप आला आणि नाकातून नळी घालावी लागली. तपासणीचे चित्रण न्यायालयाच्या दालनात पडद्यावर दाखवले गेले.

७ मार्च २०११ रोजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यान सुधा मिश्रा यांनी निकाल दिला. अर्ज फेटाळला, पण फेटाळताना देशाला प्रथमच नियम घालून दिला. विषारी सुई टोचून मारणे हा गुन्हाच राहील. मात्र कृत्रिम आधार काढून घेणे किंवा न देणे हे काही वेळा चालेल. त्याला उच्च न्यायालयाची परवानगी हवी, किमान दोन न्यायमूर्तींचे पीठ हवे, त्यांनी मज्जातज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि फिजिशियन अशा तिघा डॉक्टरांचा अहवाल घ्यावा, सरकारला व जवळच्या नातेवाइकांना नोटीस द्यावी, आणि निर्णय लवकर द्यावा. एवढी कुंपणे का? न्यायालयाने ते आडपडदा न ठेवता सांगितले आहे: मालमत्तेवर डोळा असलेले नातेवाईक आणि त्यांना सामील झालेला एखादा डॉक्टर मिळून म्हाताऱ्या माणसाचा काटा काढू शकतील. आपल्या समाजावरचा हा अविश्वास कडू आहे, पण ज्याने सातबाऱ्यावरून भावाभावांची भांडणे पाहिली आहेत तो त्याला अवास्तव म्हणणार नाही.

त्या निकालातला आम्हांला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र वेगळाच आहे. अरुणेचा जिवलग मित्र कोण? आईबाप वारले होते, बाकी नातेवाईक दूर गेले होते. न्यायालय म्हणाले, पुस्तक लिहिणाऱ्या विराणी नव्हेत. इतकी वर्षे रात्रंदिवस सेवा करणारा केईएमचा कर्मचारीवर्ग हाच तिचा मित्र. रक्ताचे नाते नाही, मालमत्तेचे नाही, लग्नाचे नाही. केवळ कामाच्या नात्याने माणसाला माणसाबद्दल बोलण्याचा अधिकार मिळतो, असे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून ठेवले. आणि लगेच त्या अधिकारालाही कुलूप लावले: उद्या कर्मचाऱ्यांचे मत बदलले तर त्यांनीही परस्पर काही करायचे नाही, मुंबई उच्च न्यायालयाकडे जायचे. हे योग्यच झाले. आज प्रेमाने सांभाळणाऱ्या हातांवर उद्या कामाचा बोजा दुप्पट झाला तर काय होईल, याची खात्री कोण देणार?

विराणींना खलनायिका ठरवण्याची एक पद्धत त्या वेळी पडली होती. ती आम्हांला मान्य नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न खरा होता. बोलू न शकणाऱ्या बाईच्या मनात काय आहे हे परिचारिकांना तरी कसे कळणार? त्यांना ती बाळासारखी वाटत होती. पण ती बाळ नव्हती, एक प्रौढ स्त्री होती. हा प्रश्न निकालाने सुटला नाही. पण त्या न्यायालयात गेल्या नसत्या तर नियमही झाला नसता. अरुणा १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने वारली. हल्ला होऊन साडेएक्केचाळीस वर्षे झाली होती. रुग्णालयातल्या लोकांनीच तिचे अंत्यविधी केले.

उच्च न्यायालयाची पायरी सामान्य माणसाला किती उंच असते हे वेगळे सांगायला नको. ९ मार्च २०१८ रोजी, ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या अर्जावर, पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती वाट बदलली. सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे मान्य करून त्यांनी जिवंतपणी लिहून ठेवायच्या वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली. मात्र कुंपणे इतकी उंच बांधली की कोणालाच ओलांडता येईनात. इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही, रुग्णालयाच्या मंडळात वीस वर्षे अनुभवाचे तज्ज्ञ, मग जिल्हाधिकाऱ्याने नेमलेले दुसरे मंडळ, मग दंडाधिकाऱ्याने स्वतः रुग्णापाशी येणे. तालुक्याच्या न्यायालयात तारखेसाठी वर्षानुवर्षे बसणाऱ्या माणसाला यातली थट्टा कळेल.

२४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ही दोरी सैल केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीचा किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का घेतला की पुरे. आपल्या वतीने बोलणारी एकाहून अधिक माणसे त्यात नेमता येतात. पहिल्या मंडळात उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्यात नसलेले दोन तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे. इच्छापत्रात नेमलेल्या माणसांची किंवा आप्तांची संमती लागते. दंडाधिकाऱ्याला आधी कळवावे लागते, पण त्याची वाट पाहावी लागत नाही. इच्छापत्राची प्रत पालिकेच्या किंवा पंचायतीच्या अधिकाऱ्याकडे राहते. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून ही व्यवस्था सुरू करून दिली. मुंबईत एका डॉक्टरांनी उच्च न्यायालयात दाद मागितल्यावर पालिकेने प्रती सांभाळणारे अधिकारी नेमले.

आता आमच्या शंकेचा मुद्दा. ही सारी व्यवस्था एका गोष्टीची राखण करते: कोणी घाईने, लोभाने, दुसऱ्याच्या जिवाचा आधार काढून घेऊ नये. पण आमच्या वस्तीत आधार कोण काढून घेतो? आमच्या युनियनच्या एका सभासदाचा भाऊ एका खाजगी रुग्णालयात कृत्रिम श्वासावर होता. अकराव्या दिवशी मंगळसूत्रासकट सगळे संपले. मंडळ बसले नाही, दंडाधिकाऱ्याला कळवले नाही. एक छापील कागद पुढे आला: ‘आम्ही रुग्णाला स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत.’ त्यावर सही झाली आणि रुग्णवाहिका घरी पोचण्यापूर्वी माणूस गेला. दहाव्याला त्या सभासदाने आम्हांला विचारले, “अण्णा, आम्हीच त्याला मारलं का हो?” कायद्याच्या भाषेत याला इच्छामरण म्हणत नाहीत, दयामरण म्हणत नाहीत. त्याला डिस्चार्ज म्हणतात. दोन मंडळांची जी चाळण आहे तीतून हा कागद कधी जातच नाही.

परदेशांत याहून पुढे पाऊल टाकले गेले आहे. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात १९९७ पासून, सहा महिन्यांपेक्षा कमी आयुष्य उरलेल्या रुग्णाला दोन डॉक्टरांच्या संमतीने औषध मिळते आणि ते तो स्वतःच्या हाताने घेतो. नेदरलँड्समध्ये २००२ पासून डॉक्टरही ते देऊ शकतो. एक कायदेतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि एक नीतिशास्त्रज्ञ यांची समिती नंतर प्रकरण तपासते. आपल्याकडे हे कायदे आणावेत असे म्हणणारे विद्वान आहेत. त्यांना आमचे एवढेच विचारणे आहे: नेदरलँड्समध्ये प्रत्येक रहिवाशाला आरोग्यविमा सक्तीचा आहे, तेथला रुग्ण ‘मला मरायचे आहे’ म्हणतो तेव्हा त्यात बिलाचा आवाज किती असतो, आणि आमच्याकडे किती असेल? घरच्यांवर ओझे नको म्हणून म्हाताऱ्या बाया औषधाची गोळी उशीखाली लपवतात. अशा घरात ‘स्वेच्छा’ कोणत्या फुटपट्टीने मोजणार?

आणि वेदनेचा प्रश्न तर त्याहूनही जुना आहे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात ‘मला सोडवा’ म्हणणाऱ्या किती माणसांना मरण हवे असते आणि किती जणांना मॉर्फिन? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिन ठेवण्यासाठी इतके परवाने लावले, की रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले आणि देशातला त्याचा वापर कोसळला. चोराला अडवायला बांधलेल्या भिंतीखाली रुग्ण सापडला. केरळात डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली कोझिकोडला वेदनाशमनाची संस्था काढली आणि शेजारपाजारच्या माणसांना हाताशी धरून ही सेवा घरोघर नेली. त्यांच्यासारख्यांच्या वीस वर्षांच्या खटपटीनंतर २०१४ साली संसदेने कायदा सुधारला. आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाचा एकच परवाना पुरतो.

भारतीय परिचर्या परिषदेचा दंडक असा आहे, की शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी. रात्री दोन वाजता कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयाच्या वॉर्डात उभे राहून खाटा मोजाव्यात, जमिनीवरच्या गाद्याही मोजाव्यात, मग गणवेश मोजावेत. आमच्या युनियनने यंदाच्या मागणीपत्रात रुग्णालयीन कर्मचाऱ्यांसाठी दोन कलमे नव्याने घातली आहेत. एक, रात्रपाळीतले परिचारिकांचे प्रमाण या दंडकाप्रमाणे असावे. दोन, प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने मॉर्फिनचा परवाना घ्यावा आणि ते देण्याचे शिक्षण वॉर्डातल्या परिचारिकांना पगारी पाळीत द्यावे. दुसरे कलम वाचून व्यवस्थापनाच्या बाजूच्या एका गृहस्थांनी विचारले, की याचा पगारवाढीशी संबंध काय? आम्ही त्यांना १९७३ च्या मागण्यांची गोष्ट सांगितली. पुढची बैठक पंधरा दिवसांनी आहे.